पासपोर्टची मुदत संपत आली असताना परदेशप्रवास : नागपूरकरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ आणि वहिनी बँकॉकला निघाले होते. नागपूर ते मुंबई हे विमान एका तिकिटावर आणि मुंबईहून पुढचे दुसऱ्या तिकिटावर असल्यामुळे सोनेगावच्या विमानतळावर त्यांच्याकडे फक्त आधार कार्ड मागितले गेले. पासपोर्ट पहिल्यांदा उघडला गेला तो मुंबईत, रात्री साडेअकरा वाजता, आणि काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पासपोर्ट चाळून वहिनींचा तेवढा बाजूला ठेवला. त्याची मुदत संपायला पाच महिने आणि काही दिवस बाकी होते. ‘अजून तर पाच महिने आहेत’ हे वहिनींचे म्हणणे खरेच होते, पण थायलंडला सहा महिने लागतात, हे त्यांना त्या क्षणापर्यंत कोणी सांगितले नव्हते. हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे गेले, विमानाचे तिकीट वाया गेले आणि दुसऱ्या दिवशी दोघे विदर्भ एक्सप्रेसने घरी परतले.

हा प्रसंग अपवादात्मक नाही. पहिल्यांदाच परदेशी निघालेले प्रवासी व्हिसा, परकीय चलन, सामानाचे वजन यांची काळजी घेतात, परंतु पासपोर्ट कपाटात आहे म्हणजे तो तयार आहे असे गृहीत धरतात. म्हणून पासपोर्टची मुदत वर्षभराच्या आत संपत असेल तर कोणत्या क्रमाने काय करावे, हे येथे मांडले आहे. हा क्रम तिकीट काढण्याच्या आधी सुरू होतो. तिकीट काढून झाले असेल तर काय करता येते, तेही पुढे येईल.

पहिली पायरी : तारीख वाचणे आणि मागे मोजणे

पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर जन्मतारखेशिवाय दोन तारखा असतात, एक दिल्याची आणि एक मुदत संपण्याची. प्रौढ व्यक्तीचा भारतीय पासपोर्ट दहा वर्षांसाठी मिळतो आणि दहा वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी त्याची मुदत संपते. म्हणजे १५ जून २०१७ रोजी दिलेला पासपोर्ट १४ जून २०२७ पर्यंत चालतो. ही छापील तारीख कायद्याच्या दृष्टीने खरी असली, तरी प्रवासाच्या दृष्टीने तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण अनेक देश आपल्या हद्दीत येणाऱ्याच्या पासपोर्टमध्ये त्या दिवशी ठरावीक महिने शिल्लक असावेत अशी अट घालतात. प्रवासी आजारी पडला, त्याचे विमान रद्द झाले किंवा अन्य कारणाने त्याचा मुक्काम लांबला, तर मुदत संपलेल्या कागदपत्रांचा परदेशी नागरिक आपल्याकडे अडकून पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

वरच्याच पासपोर्टचे उदाहरण पुढे नेऊ. समजा हे कुटुंब नाताळच्या सुटीत सहा महिन्यांची अट असलेल्या देशात चालले आहे आणि २० डिसेंबर २०२६ रोजी तेथे उतरणार आहे. त्या दिवसापासून सहा महिने मोजले तर २० जून २०२७ ही तारीख येते, आणि पासपोर्ट तर १४ जूनलाच संपतो. सहा दिवस कमी पडले, आणि सहा दिवस कमी म्हणजे सहा महिने नाहीत. काउंटरवर त्यात घासाघीस चालत नाही. आता समजा याच कुटुंबाने १० डिसेंबरला जाऊन २० डिसेंबरला परत येण्याचे ठरवले. तो देश सहा महिने आगमनाच्या दिवसापासून मोजत असेल तर १० जून ही तारीख १४ जूनच्या आत येते आणि प्रवास होतो. परंतु तो देश परतीच्या दिवसापासून मोजत असेल तर पुन्हा २० जूनच लागते आणि प्रवास होत नाही. म्हणून ‘सहा महिने’ एवढेच ऐकून थांबू नये; ते कोणत्या दिवसापासून, हा प्रश्न लगेच विचारावा. काही ठिकाणी अट महिन्यांत न सांगता १८० दिवस अशी सांगितलेली असते आणि त्यामुळे दोन-तीन दिवसांचा फरक पडतो. काठावरची तारीख असेल तर दोन्ही पद्धतींनी मोजून जी अधिक कडक ठरेल ती धरावी.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. पासपोर्ट हातात आला की मुदतीच्या तारखेतून सहा महिने वजा करून येणारी तारीख मी पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी कव्हरच्या खिशात सरकवतो. पासपोर्टच्या पानांवर मात्र काहीही लिहू नये. पासपोर्ट हा सरकारी दस्तऐवज आहे आणि त्यावरची अनधिकृत खाडाखोड अंगलट येऊ शकते.

दुसरी पायरी : जायच्या देशाचा नियम शोधणे

थायलंड, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती आणि कतार हे नागपूरकरांच्या सहलींच्या यादीत नेहमी दिसणारे देश सहा महिन्यांची अट घालतात. दीक्षाभूमीच्या या शहरातून बौद्ध तीर्थस्थळांच्या दर्शनासाठी श्रीलंकेला आणि थायलंडला अनेक गट जातात. अशा गटात चाळीस जणांचे काम सुरळीत असताना एकाच्या पासपोर्टमुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, म्हणून गटप्रमुखाने नावनोंदणीच्या वेळीच प्रत्येकाच्या पासपोर्टची मुदत लिहून घ्यावी. लुंबिनीची गोष्ट वेगळी आहे. ते नेपाळमध्ये असल्यामुळे भारतीय नागरिकाला तेथे मतदार ओळखपत्रावरही जाता येते, आणि पासपोर्टची मुदत संपत आली म्हणून ती यात्रा पुढे ढकलण्याचे कारण नाही.

युरोपातील शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, हिशेब निराळा आहे. तेथून बाहेर पडण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो आणि त्यात किमान दोन पाने कोरी असावी लागतात. ब्रिटनला संपूर्ण मुक्कामाच्या काळात पासपोर्ट वैध असणे पुरेसे असते. कॅनडाचा अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा दीर्घ मुदतीचा मिळू शकतो, पण तो पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही; त्यामुळे संपत आलेल्या पासपोर्टवर अर्ज केला तर पूर्ण शुल्क भरूनही पदरात काही महिन्यांचाच व्हिसा पडतो.

अमेरिकेबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नागपुरातील अनेक आई-वडील मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिन्यांसाठी जातात. अमेरिकेचा मूळ नियम मुक्काम संपल्यानंतर आणखी सहा महिने मुदत असावी असा आहे. मात्र काही देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे आणि त्या यादीत भारत आहे. म्हणजे भारतीय पासपोर्ट मुक्कामाच्या काळापुरता वैध असला तरी प्रवेश मिळू शकतो. हे वाचून अनेक जण निश्चिंत होतात, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते. अमेरिकेत उतरल्यावर तेथील अधिकारी आपल्याला किती दिवस राहता येईल ती तारीख ठरवतो. ती व्हिसावरची तारीख नसते. पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिने मिळतात. परंतु पासपोर्ट चार महिन्यांत संपणार असेल तर राहण्याची परवानगी पासपोर्टच्या तारखेपर्यंतच कापून दिली जाऊ शकते. परतीचे तिकीट पाचव्या महिन्याचे असेल आणि ही तारीख कोणी पाहिलीच नाही, तर नकळत बेकायदा मुक्काम घडतो आणि त्याचे परिणाम पुढच्या व्हिसाच्या वेळी भोगावे लागतात. नातवंडांच्या ओढीने निघालेल्या आजी-आजोबांना हे समजावणे अवघड असते, पण त्यांनी पासपोर्ट नवा करून मगच निघावे, असेच माझे मत आहे.

हज यात्रेसाठी नागपूर हे प्रस्थानाचे एक केंद्र आहे. त्या यात्रेसाठी पासपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत वैध असला पाहिजे, हे भारतीय हज समिती दरवर्षीच्या सूचनापत्रकात स्पष्ट करते. तेथे सर्वसाधारण हिशेब न लावता त्या वर्षीचीच तारीख पाहावी.

नियम पाहायचे ते त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा स्थलांतर विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर, आणि त्याखेरीज आपल्या विमान कंपनीच्या प्रवास कागदपत्रांच्या पानावर. ओळखीच्या कोणी मागच्या वर्षी पाच महिने बाकी असताना प्रवास केला होता, हा पुरावा नव्हे. वाटेत विमान बदलायचे असेल तर ज्या देशात बदलायचे तेथील नियमही पाहावा, विशेषतः दोन वेगळी तिकिटे असल्यामुळे सामान घेऊन बाहेर यावे लागणार असेल तर. कारण बाहेर येणे म्हणजे त्या देशात प्रवेश करणेच होय.

तपासणी नेमकी कुठे होते

अनेकांना वाटते की पासपोर्टची मुदत फक्त परदेशात उतरल्यावर पाहिली जाते. प्रत्यक्षात पहिली आणि सर्वांत कडक चाळणी विमान कंपनीच्या काउंटरवर असते. प्रवाशाला परदेशात प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते आणि तिला दंडही होऊ शकतो. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी संगणकात देशनिहाय नियम पाहतो आणि नियमात बसत नसेल तर बोर्डिंग पास देत नाही. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो, कारण नियम शिथिल करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतोच.

नागपूरकरांसाठी यात एक जास्तीची मेख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून परदेशी थेट जाणारी विमाने मोजकीच आहेत. बाकीच्यांना मुंबई, दिल्ली किंवा अन्य शहर गाठावे लागते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर कागदपत्रे बहुधा नागपुरातच पाहिली जातात आणि घोटाळा घराजवळच उघडकीस येतो. देशांतर्गत टप्पा वेगळ्या तिकिटावर, रेल्वेने किंवा समृद्धी महामार्गाने केला असेल, तर तो उघडकीस येतो ७०० किलोमीटर दूर, मध्यरात्री, जेथून घरी परत येण्यावाचून काही करता येत नाही. म्हणून निघण्याच्या किमान दोन महिने आधी कुटुंबातील सर्वांचे पासपोर्ट एका टेबलावर मांडून ही तपासणी आपली आपणच करावी.

मुलांच्या पासपोर्टकडे आधी पाहावे. अठरा वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असतो. पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांच्या मुदतीचा पर्यायही घेता येतो. आई-वडील आणि मुलांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले असले की सगळ्यांची मुदत एकत्रच संपेल असा समज होतो, आणि पाच वर्षांनी नेमका धाकट्याचा पासपोर्ट दगा देतो.

तिसरी पायरी : नवा करायचा की तसेच जायचे, हे ठरवणे

जायच्या देशाच्या नियमात आपण ऐसपैस बसत असाल, म्हणजे एखाद्या आठवड्याचा नव्हे तर महिना-दीड महिन्याचा तरी वाव शिल्लक असेल आणि मुक्काम छोटा असेल, तर जुन्या पासपोर्टवर जाण्यास हरकत नाही. अन्य सर्व बाबतींत नवा पासपोर्ट घ्यावा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून पुनर्वितरणासाठी (री-इश्यू, म्हणजेच नूतनीकरणासाठी) अर्ज करता येतो. वरच्या उदाहरणातील पासपोर्टसाठी ही सोय जून २०२६ मध्ये सुरू होते आणि सहा महिन्यांचा नियम डिसेंबर २०२६ मध्ये आडवा येऊ लागतो. म्हणजे अखेरच्या वर्षाचे पहिले सहा महिने हाच नूतनीकरणाचा खरा काळ आहे, आणि तो बहुतेक लोक ‘अजून मुदत आहे’ म्हणून घालवतात.

मुदत शिल्लक असताना नवा पासपोर्ट घेतला तर उरलेले महिने फुकट जातात, असा आक्षेप काटकसरी मंडळी घेतात. ते महिने नव्या पासपोर्टमध्ये मिळवून दिले जात नाहीत, हे खरे आहे. पण हिशेब करून पाहावा. छत्तीस पानांच्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षे चालतो, म्हणजे वर्षाला १५० रुपये पडले. सहा महिने वाया गेले म्हणजे ७५ रुपये गेले. तेवढ्यासाठी हजारो रुपयांचे तिकीट पणाला लावणे हा व्यवहार नव्हे.

व्हिसा काढायचा असेल तर आधी पासपोर्ट आणि मग व्हिसा, हा क्रम मोडू नये. व्हिसासाठी पासपोर्ट जमा केला की तो आठवडेच्या आठवडे हातात नसतो आणि त्या काळात नूतनीकरण करता येत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, आणि नव्या पासपोर्टचा क्रमांक नवा असतो. आज काढलेला व्हिसा उद्या पासपोर्ट बदलल्यावर निरुपयोगी ठरू शकतो.

चौथी पायरी : अर्ज

अर्ज पासपोर्ट सेवा या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपासपोर्ट सेवा या अॅपवर करावा लागतो. संकेतस्थळाचा पत्ता पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे आणि तो स्वतः टाइप करावा, कारण सर्च केल्यावर त्याच्यासारखी दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळेही समोर येतात. खाते उघडून नव्या पासपोर्टऐवजी पुनर्वितरणाचा पर्याय निवडावा आणि कारण म्हणून मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे, हे निवडावे. येथे चूक करून नव्या पासपोर्टचा अर्ज भरणारे बरेच असतात. पूर्वी कधीही पासपोर्ट घेतला नसेल त्यांच्यासाठीच तो पर्याय आहे.

पानांची संख्या निवडताना थोडा विचार करावा. वारंवार प्रवास असेल तर साठ पानांचा पासपोर्ट २,००० रुपयांत मिळतो. पाने संपली म्हणून मुदत असूनही पासपोर्ट बदलावा लागणे ही मुदत संपण्यासारखीच अडचण आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पाच वर्षांच्या छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,००० रुपये आहे.

नाव, आडनाव आणि पत्ता भरताना जुना पासपोर्ट समोर ठेवावा. लग्नानंतर आडनाव बदलणे सक्तीचे नाही; बदलायचे असेल तर त्याची कागदपत्रे लागतात आणि वेळही वाढतो, म्हणून पुढच्याच महिन्यात मधुचंद्राचे तिकीट असेल तर हा बदल परत आल्यावर करावा आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढावे. पत्त्याची गोष्ट तशी नाही. पत्ता बदलला असेल तर तो खरा आणि सध्याचाच द्यावा लागतो, मग वेळ लागला तरी चालेल. घर मानेवाडा रोडला आणि नोकरी पुण्यात, अशी अनेक तरुणांची स्थिती असते. २०१८ पासून देशातील कोणत्याही पासपोर्ट केंद्रातून अर्ज करता येतो, त्यामुळे सुटीवर घरी आले असता नागपुरात अपॉइंटमेंट घेता येते. मात्र पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावर होते आणि पासपोर्टही तेथेच पाठवला जातो.

ज्यांच्या जुन्या पासपोर्टवर नोकरीसाठी परदेशी जाताना उत्प्रवास तपासणी (देश सोडण्यापूर्वीची सरकारी परवानगी) आवश्यक असल्याचा ‘ईसीआर’ हा शेरा आहे आणि दहावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हातात आहे, त्यांनी याच अर्जात तो शेरा काढून घ्यावा. आखाती देशांत कामासाठी जाणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होतो.

शुल्क ऑनलाइन भरल्यावर अपॉइंटमेंट मिळते. नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जवळची तारीख नसेल तर विदर्भातील टपाल कार्यालयांमध्ये सुरू झालेल्या पासपोर्ट केंद्रांच्या तारखाही पाहाव्यात. एका दिवसाची एसटीची फेरी केली तर कधीकधी पंधरा दिवस वाचतात. उन्हाळ्याच्या सुट्यांपूर्वी गर्दी असते, म्हणून मे महिन्यातील सहलीचा पासपोर्ट दिवाळीनंतर लगेच काढावा.

पाचवी पायरी : केंद्रातील दिवस

मूळ जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या छायाप्रती, अर्जाचा क्रमांक आणि पत्ता बदलला असल्यास त्याचा पुरावा, एवढे सोबत असले की प्रौढ व्यक्तीचे साधे नूतनीकरण पार पडते. फोटो आणि बोटांचे ठसे केंद्रातच घेतले जातात. चार वर्षांखालील बाळाचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यावा लागतो, आणि सर्व लहान मुलांच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्याही सहीचे ठरावीक नमुन्यातील संमतीपत्र लागते. एक पालक बाहेरगावी असेल तर त्याची सही आधीच घेऊन ठेवावी. केंद्रातून माघारी पाठवल्या जाणाऱ्या कुटुंबांत हे कारण वारंवार दिसते.

आत तीन टप्पे असतात आणि त्यांना अ, ब, क असे इंग्रजी अक्षरांचे क्रम असतात. पहिल्यात कागदपत्रे स्कॅन होतात आणि फोटो निघतो, दुसऱ्यात पडताळणी होते आणि तिसऱ्यात निर्णय. फोटो काढल्यावर आणि माहिती पडद्यावर दाखवल्यावर नावाचे प्रत्येक अक्षर वाचावे. तेथे चूक सुधारायला दोन मिनिटे लागतात. पासपोर्ट छापून आल्यावर त्याच चुकीसाठी सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. तिसऱ्या टप्प्यानंतर जुना पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का मारून परत दिला जातो. या क्षणापासून नवा पासपोर्ट येईपर्यंत आपल्या हातात प्रवासाचे कोणतेही वैध कागदपत्र नसते, म्हणून पुढच्या आठवड्यात परदेशी जायचे असताना हा मार्ग धरू नये.

पोलीस पडताळणी होईल की नाही आणि ती पासपोर्ट मिळण्याआधी होईल की नंतर, हे पासपोर्ट कार्यालय ठरवते. ती होणार असेल तर पोलीस घरी येतात किंवा ठाण्यात बोलावतात. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि पोस्टमन तो अर्जदारालाच देतो. घर बंद असेल तर तो टपाल कार्यालयात थांबतो आणि नंतर परत जातो, म्हणून त्या दिवसांत गावाला जाणे टाळावे.

नागपूर हे चिप असलेल्या ई-पासपोर्टच्या प्रायोगिक टप्प्यात, १ एप्रिल २०२४ पासून, सुरुवातीलाच सामील झालेले शहर आहे. मुखपृष्ठावर खाली छोटे सोनेरी चिन्ह असते, ती त्याची ओळख. परंतु चिप असली म्हणून सहा महिन्यांच्या नियमातून सुटका होत नाही, आणि चिप नसलेला जुना पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत पूर्णपणे वैध राहतो.

तिकीट आधीच काढले असेल तर

पहिल्यांदा देशाचा नियम तारखा लिहून पुन्हा मोजावा. कधीकधी घाबरण्याचे कारणच नसते. कमी पडत असेल आणि हाती तीन-चार आठवडे असतील, तर तत्काळ योजनेत, म्हणजे जादा शुल्क भरून लवकर पासपोर्ट मिळवण्याच्या सोयीत, अर्ज करावा. त्यासाठी नेहमीच्या शुल्काशिवाय २,००० रुपये जादा लागतात. ऑनलाइन नेहमीचेच शुल्क घेतले जाते आणि तत्काळ मंजूर झाल्यास उरलेली रक्कम केंद्रात भरावी लागते. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांसारख्या ठरावीक यादीतील तीन कागदपत्रे सोबत न्यावीत. अर्ज स्वीकारला गेल्यावर काही कामकाजाच्या दिवसांत पासपोर्ट रवाना होतो, पण तत्काळ हा हक्क नाही. अंतिम निर्णय पासपोर्ट कार्यालयाचा असतो. हातात आठवडाच असेल, तर विमान कंपनीला फोन करून तारीख बदलून घेणे स्वस्त पडते. ‘काही होत नाही, मी बोलून ठेवतो’ असे सांगणाऱ्या एजंटावर विसंबू नये, कारण काउंटरवर तो आपल्या शेजारी उभा नसतो.

नवा पासपोर्ट आल्यावर त्याचा क्रमांक विमान कंपनी, प्रवास विमा कंपनी आणि फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरलेले कार्ड) देणारी बँक, या सर्वांना कळवावा. इलेक्ट्रॉनिक व्हिसा आधीच निघाला असेल तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे तो नव्या क्रमांकाशी जोडून घ्यावा किंवा नवा काढावा. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत व्हिसा देणाऱ्या तेथील गृह विभागाला नव्या पासपोर्टची माहिती देणे आवश्यक असते.

परदेशात असतानाच मुदत संपत आली, तर तेथील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. अगदीच अडचण आली तर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते, पण ते फक्त एकदा भारतात परतण्यासाठी असते. त्यावर पुढची सहल करता येत नाही. भारतात परत येण्यासाठी भारतीय नागरिकाला सहा महिन्यांची अट नसते. मुदतीचे थोडेच दिवस उरलेले असले, तरी तो वैध पासपोर्टावर घरी येऊ शकतो.

रद्द झालेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नये. त्यावर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल, तर व्हिसाचे पान अखंड असल्यास जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट दाखवून प्रवास करता येतो. तो व्हिसा सोलून नव्या पासपोर्टात चिकटवण्याचा प्रयत्न केला तर तो रद्द ठरतो. इतर देशांच्या व्हिसाबद्दल त्या त्या दूतावासाला विचारावे. प्रवासात दोन्ही पासपोर्ट एकाच कव्हरमध्ये आणि हातातल्या पिशवीत ठेवावेत. जुना पासपोर्ट मोठ्या बॅगेत घालून ती सामानात जमा केली, तर काउंटरवर बॅग पट्ट्यावरून पुढे गेल्यावरच आपल्याला व्हिसाची आठवण होते.